दप्तर कोणाच्या हाती? : डेटाबेस स्वतः चालवावा की क्लाऊडवर सोपवावा

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एका सहकारी पतसंस्थेच्या चिटणीसांनी प्रस्तुत लेखकाला एक प्रश्न विचारला. संस्थेचे सारे हिशेब, सभासदांची खाती, कर्जांचे हप्ते आणि ठेवींच्या नोंदी आता संगणकावर आल्या आहेत. संगणक पुरविणाऱ्याचे म्हणणे असे की, एक चांगले यंत्र विकत घ्यावे व ते कार्यालयातच ठेवावे. आपले दप्तर आपल्या डोळ्यांसमोर राहील. एका संचालकांचा मुलगा शहरात संगणकाच्या नोकरीत आहे. त्याचे म्हणणे नेमके उलट : यंत्र घेऊच नका, दरमहा भाडे भरा, सारे क्लाऊडवर ठेवा, पुढची काळजी कंपनी घेईल. संचालक मंडळात यावरून दोन तट पडले होते. संस्थेत ठेवी ठेवणारे बहुतेक लोक शेतकरी, मासे विकणाऱ्या स्त्रिया आणि निवृत्त शिक्षक आहेत. त्यांच्या पासबुकातील आकडा हा त्यांच्या दृष्टीने कागदावरचा आकडा नसून घरात राखून ठेवलेला पैसाच होय. तेव्हा चिटणीसांना एवढेच विचारावयाचे होते की, या दोघांपैकी खरे कोणाचे?

हा प्रश्न एका पतसंस्थेपुरता मर्यादित नाही. ग्रामपंचायतीची घरपट्टीची यादी, शाळेचे जनरल रजिस्टर, शिष्यवृत्ती मिळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या याद्या, दूध संस्थेच्या रोजच्या संकलनाच्या नोंदी, वाचनालयाची ग्रंथसूची ही सारी दप्तरे हळूहळू कपाटातून संगणकात गेली आहेत. दप्तर राखण्याची आपल्याकडे जुनी शिस्त आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. गोव्याच्या पुराभिलेखागाराची परंपरा १५९५ पर्यंत मागे जाते आणि त्याचा पहिला रक्षक म्हणून दियोगु दु कोतो या इतिहासकाराची नेमणूक झाली होती. दप्तर म्हटले की त्याला नेमलेला माणूस आलाच, हे त्या काळीही कोणाला समजावून सांगावे लागत नसे. संगणक आल्यावर मात्र त्या माणसाची जागा यंत्राने घेतली असा एक समज पसरला. आपल्या प्रश्नातील बहुतेक घोटाळा या समजुतीतून निर्माण झालेला आहे.

कीर्द आणि खतावणी

प्रथम डेटाबेस म्हणजे काय ते पाहू. डेटाबेस म्हणजे नुसती यादी किंवा फाईल नव्हे. नोंदी ठेवणारी, त्या शोधून देणारी, आणि एकाच वेळी अनेकांनी हात घातला तरी त्यांत विसंगती येऊ न देणारी ती एक आज्ञावली असते. समजा, एका सभासदाने आपल्या बचत खात्यातील ५,००० रुपये कर्जखात्यात वळते केले. बचत खात्याच्या नावे एक नोंद पडते, कर्जखात्यात जमेची दुसरी. पहिली नोंद झाली आणि दुसरी होण्याच्या आत वीज गेली, तर सभासदाचे पैसे हवेत विरून जातील. असे होऊ नये म्हणून डेटाबेस या दोन्ही नोंदींना एकच व्यवहार मानतो : झाल्या तर दोन्ही, नाहीतर एकही नाही.

हे तो कसे साधतो, हे ज्यांनी देशी पद्धतीची हिशेबाची वही पाहिली आहे त्यांना चटकन उमजेल. जुना मुनीम आधी रोजकीर्द लिहीत असे. जे जसे घडले ते त्याच क्रमाने कीर्दीत उतरे. खतावणीत ज्याच्या त्याच्या पानावर नोंद नंतर सवडीने होई. पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस हेच करतो. १९८६ मध्ये बर्कले येथील विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्याचे काम सुरू झाले आणि आज तो कोणालाही विनामूल्य वापरता येतो. कोणताही बदल तो आधी आपल्या कीर्दीत लिहितो, ती कीर्द डिस्कवर पक्की झाल्यावरच व्यवहार पूर्ण झाल्याचे सांगतो, आणि मूळ तक्त्यांत, म्हणजे खतावणीत, तो बदल मागाहून उतरवितो. मध्येच वीज गेली तर पुन्हा सुरू होताना तो कीर्द उघडतो, शेवटच्या खुणेपासून पुढे वाचीत जातो व खतावणी पूर्ण करतो.

याच रचनेमुळे आणखी एक मोठी सोय होते. रविवारी रात्री संपूर्ण खतावणीची प्रत काढून ठेवली आणि त्यानंतरची कीर्द पान न् पान जपून ठेवली, तर पुढील आठवड्यातील कोणत्याही क्षणापर्यंतचे दप्तर पुन्हा उभे करता येते. गुरुवारी दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी एखाद्या लिपिकाच्या हातून पाचशे खाती पुसली गेली, तर रविवारची प्रत घ्यावी आणि तिच्यावर ३ वाजून ९ मिनिटांपर्यंतची कीर्द चढवावी. मात्र खतावणीची प्रत आणि सलग कीर्द ही दोन्ही हाती असली पाहिजेत. मधले एक पान गहाळ झाले की त्या पानाच्या पुढचे काही मिळत नाही.

येथे एका फरकाकडे वाचकांचे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. पुष्कळ ठिकाणी दोन यंत्रे ठेवलेली असतात. पहिल्यावर जे घडते ते दुसऱ्यावर तत्काळ उतरते, आणि पहिले बंद पडले की दुसरे काम सुरू ठेवते. ही व्यवस्था उत्तम आहे, परंतु ती बॅकअप नव्हे. लिपिकाने पुसलेली पाचशे खाती क्षणार्धात दुसऱ्या यंत्रावरूनही पुसली जातील. जोडयंत्र हे यंत्राच्या मरणापासून वाचविते. माणसाच्या चुकीपासून वाचविते ती जुनी प्रत.

तीन वाटा

चिटणीसांपुढे दोन वाटा मांडल्या गेल्या होत्या. वस्तुतः त्या तीन आहेत, आणि मधली वाट लक्षात न घेतल्याने अनेक संस्था फसतात.

पहिली वाट म्हणजे आपले यंत्र, आपली खोली, आपला माणूस. तिसरी वाट म्हणजे व्यवस्थापित डेटाबेस : यंत्र कंपनीचे, त्यावर डेटाबेस बसविणे, त्यातील दोष दुरुस्त करणारी नवी आवृत्ती चढविणे, रोजची प्रत काढणे, एक यंत्र पडले तर दुसरे पुढे करणे ही कामेही कंपनीचीच. ॲमेझॉनने अशी सेवा २००९ मध्ये मायएसक्यूएल या डेटाबेसपासून सुरू केली आणि २०१३ मध्ये तीत पोस्टग्रेस आणला. पुढे मायक्रोसॉफ्ट, गूगल व इतर कंपन्यांच्याही अशा सेवा आल्या. या दोहोंच्या मधली वाट अशी की, क्लाऊडवर नुसते रिकामे यंत्र भाड्याने घ्यावयाचे आणि त्यावर डेटाबेस आपणच बसवून आपणच चालवावयाचा. ही वाट स्वस्त दिसते. बिलावर क्लाऊड कंपनीचे नाव असल्यामुळे संचालक मंडळाला वाटते की कंपनी सारे सांभाळते आहे. प्रत्यक्षात कंपनी फक्त यंत्र सांभाळीत असते. दुकानाचा गाळा भाड्याने दिला म्हणून गाळेवाला आपला गल्ला मोजत नाही.

३१ जानेवारी २०१७ ची रात्र

या मधल्या वाटेवर काय होऊ शकते, याचे एक उदाहरण जगजाहीर आहे, आणि ते जगजाहीर होण्याचे श्रेय ज्यांची चूक झाली त्यांनाच दिले पाहिजे. गिटलॅब ही कंपनी आज्ञावली लिहिणाऱ्यांना आपले काम साठविण्यासाठी व एकत्र करण्यासाठी जागा देते. २०१७ मध्ये तिचा मुख्य डेटाबेस पोस्टग्रेसवर होता व तो तिचेच अभियंते भाड्याच्या यंत्रांवर चालवीत असत. एक मुख्य यंत्र आणि एक जोडयंत्र अशी रचना होती. त्या संध्याकाळी मुख्य यंत्रावर अवाजवी ताण आला व जोडयंत्र मागे पडले. ते पुन्हा बरोबरीस आणण्यासाठी त्यावरील जुनी सामग्री काढून टाकणे आवश्यक होते. रात्र झाली होती, आणि एक अभियंता दीर्घकाळ त्या कामाशी झगडत होता. सामग्री पुसण्याची आज्ञा त्याने दिली, ती मात्र जोडयंत्रावर न जाता मुख्य यंत्रावर गेली. एकदोन सेकंदांत चूक त्याच्या लक्षात आली व त्याने आज्ञा थांबविली. तोपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइट सामग्रीपैकी जेमतेम ४.५ गिगाबाइट उरली होती.

अशा चुका होतात. खरी कथा याच्या पुढची आहे. प्रती ठेवण्याचे पाच निरनिराळे मार्ग कंपनीने कागदोपत्री योजलेले होते. दूरच्या साठ्यात रोज एक प्रत जावयाची होती. तो साठा उघडून पाहिला तेव्हा तो रिकामा निघाला, कारण प्रत काढणारी आज्ञावली ९.२ या आवृत्तीची होती, डेटाबेस ९.६ चा होता, आणि त्यामुळे प्रत काढण्याचे काम प्रत्येक वेळी अयशस्वी होत होते. ते अयशस्वी झाल्याची सूचना ई-मेलने यावयाची होती; त्या सूचनांवर प्रेषकाच्या सत्यतेची योग्य खूण नसल्याने मेल स्वीकारणाऱ्या व्यवस्थेने त्या नाकारल्या होत्या. यंत्र पुरविणाऱ्या कंपनीची संपूर्ण डिस्कची प्रत घेण्याची सोय उपलब्ध होती, परंतु डेटाबेसच्या यंत्रांसाठी ती सुरूच केलेली नव्हती. अखेर उपयोगी पडली ती एक प्रत, जी दुसऱ्याच कामासाठी एका अभियंत्याने सुमारे सहा तास आधी हाताने काढून ठेवली होती. तीही मंद डिस्कवर असल्यामुळे परत आणण्यात बराच काळ गेला. सेवा पूर्ववत होण्यास सुमारे १८ तास लागले. त्या सहा तासांत निर्माण झालेले अंदाजे ५,००० प्रकल्प, ५,००० अभिप्राय आणि ७०० नवीन वापरकर्त्यांची खाती यांच्या नोंदी कायमच्या गेल्या.

कंपनीने या दुरुस्तीचे काम जगासमोर थेट दाखविले, नंतर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला आणि त्या अभियंत्याच्या माथी खापर फोडले नाही. आपल्याकडील कार्यालयांनी अनुकरण करावे असा हा वर्तनाचा नमुना आहे, कारण चूक लपविण्याची सवय लागली की पुढच्या वेळी चूक उशिरा कळते.

या हकिकतीवरून कोणी म्हणेल, मग व्यवस्थापित डेटाबेस घेणेच बरे. लहान संस्थेच्या बाबतीत लेखकाचेही मत बहुतांशी तसेच आहे. मात्र त्याआधी कंपनी काय करते आणि काय करीत नाही, हे नीट पाहिले पाहिजे.

कंपनीची हद्द

व्यवस्थापित सेवेत प्रत काढण्याचे काम आपोआप होते. उदाहरणार्थ, ॲमेझॉनच्या पोस्टग्रेस सेवेत रोजची प्रत व मधली कीर्द या दोन्ही जपल्या जातात आणि सामान्यतः शेवटच्या पाच मिनिटांच्या आतपर्यंतचे दप्तर परत उभे करता येते. दुसऱ्या इमारतसमूहात जोडयंत्र ठेवण्याची सोयही असते. गिटलॅबच्या अभियंत्यांनी ज्या गोष्टी करावयाच्या ठरवून केल्या नव्हत्या, त्यांपैकी बऱ्याच येथे न सांगता होतात. तालुक्याच्या गावी, जेथे संगणकाचा जाणकार आठवड्यातून एकदा येतो, तेथे ही गोष्ट सोन्यासारखी आहे.

तथापि या आपोआप घेतलेल्या प्रती जास्तीत जास्त ३५ दिवसच ठेवल्या जातात. आता पतसंस्थेचा विचार करा. जुलै महिन्यात एका शाखेत काही नोंदी चुकीने बदलल्या गेल्या. तो फरक लेखापरीक्षणात उघडकीस आला मार्च संपल्यावर. ३५ दिवसांची मुदत केव्हाच टळून गेलेली असणार. जुलैचे दप्तर पाहावयाचे असेल तर त्यासाठी वेगळी, दीर्घकाळ राखावयाची प्रत आपणच काढून ठेवलेली असली पाहिजे. कंपनी ती आपणहून काढत नाही. त्याचप्रमाणे, अधिकार असलेल्या माणसाने संपूर्ण डेटाबेसच काढून टाकण्याची आज्ञा दिली आणि त्या वेळी शेवटची प्रत ठेवण्याचा पर्याय नाकारला, तर आपोआप घेतलेल्या प्रतीही त्याच्याबरोबर जाऊ शकतात. कंपनीच्या दृष्टीने ती मालकाची आज्ञा असते.

संकेतशब्द कोणाला द्यावयाचे, नोकरी सोडून गेलेल्या लिपिकाचा प्रवेश केव्हा बंद करावयाचा, एका शाखेच्या माणसाला दुसऱ्या शाखेची खाती दिसावीत की नाही, यांतील काहीही कंपनी ठरवीत नाही. स्वतः चालविणाऱ्यांकडून या बाबतीत किती हलगर्जी होते, हे जानेवारी २०१७ मध्ये दिसून आले. मोंगोडीबी या डेटाबेसची हजारो यंत्रे त्यांच्या चालकांनी संकेतशब्दाविना इंटरनेटवर उघडी ठेवली होती. चोरट्यांनी ती पुसली व मागे खंडणीची चिठ्ठी ठेवली. व्यवस्थापित सेवेत असे दार सताड उघडे राहण्याची शक्यता कमी असते; परंतु किल्ली भिंतीवरच्या कागदावर लिहून ठेवली तर कुलूप कोणाचे आहे याला महत्त्व राहत नाही.

मोठ्या कंपनीच्या हातूनही चुका होतात. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचे गूगलकडील संपूर्ण खासगी क्लाऊड नाहीसे झाले. या निधीचे सहा लाखांहून अधिक सभासद आहेत. ते क्लाऊड उभारताना कंपनीच्या अंतर्गत साधनात एक रकाना रिकामा राहिला होता. त्यामुळे त्याची मुदत एक वर्षाची धरली गेली व वर्ष भरताच ते आपोआप काढून टाकले गेले. युनिसुपरने दोन भौगोलिक ठिकाणी व्यवस्था ठेवली होती, पण दोन्ही एकाच खात्याखाली असल्याने दोन्ही गेल्या. तरीही निधीचे दप्तर परत मिळाले, कारण वेगळ्या प्रती राखलेल्या होत्या आणि त्यांतील काही दुसऱ्याच सेवादात्याकडे होत्या. सभासदांना आपली खाती पाहण्यास आठवडाभर थांबावे लागले. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या डायनॅमोडीबी या व्यवस्थापित डेटाबेसचा अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनिया विभागातील पत्ताच पत्तेवहीतून पुसला गेला. दोन स्वयंचलित कार्यक्रम एकमेकांच्या कामावर पाय देऊन गेले, हे त्याचे कारण. त्यामुळे असंख्य सेवा कित्येक तास बंद पडल्या. नोंदी शाबूत होत्या, पण ग्राहकांना वाट पाहण्याखेरीज काही करता येण्यासारखे नव्हते. स्वतःचे यंत्र असते तर निदान स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्याच्यासमोर बसता आले असते, असे कित्येकांना त्या दिवशी वाटले असेल. मात्र स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसणाऱ्यास पुढे काय करावयाचे ते ठाऊक असले तरच त्या समाधानाला अर्थ आहे.

खर्चाचा हिशेब

खर्चाच्या बाबतीत दोन्ही बाजूंचे प्रचारक अर्धाच हिशेब मांडतात. यंत्र विकणारा यंत्राची किंमत सांगतो. त्याबरोबर लागणारे वातानुकूलन, बॅटरी, दुसरे जोडयंत्र, पाच-सहा वर्षांनी करावी लागणारी यंत्रबदल आणि मुख्यतः माणसाचा पगार सांगत नाही. क्लाऊडवाला पहिल्या महिन्याचे भाडे सांगतो. ते भाडे कामकाज बंद असलेल्या रात्रीही चालू राहते, पुष्कळदा डॉलरच्या भावाबरोबर हलते, आणि साठविलेली सामग्री आत नेताना सहसा आकार नसला तरी बाहेर काढताना तो पडतो, हे मागाहून कळते. जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांवरही बोजा पडतो. पोस्टग्रेसच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला तिचे निर्माते पाच वर्षे आधार देतात. त्यानंतर व्यवस्थापित सेवेत आवृत्ती बदलावी लागते किंवा जुनी चालू ठेवण्याचे वेगळे शुल्क भरावे लागते.

मोठ्या प्रमाणावर हिशेब कसा उलटू शकतो, याचे उदाहरण ३७सिग्नल्स या अमेरिकन कंपनीचे आहे. बेसकॅम्प ही कार्यव्यवस्थापनाची सेवा ती चालविते. २०२२ मध्ये तिचा क्लाऊडवरील खर्च सुमारे ३२ लाख डॉलर झाला. तिने अंदाजे ६ लाख डॉलरची स्वतःची यंत्रे घेतली आणि २०२३ मध्ये आपल्या प्रणाली त्यांवर हलविल्या. क्लाऊडचे बिल बरेच खाली आले. हे उदाहरण सांगणारे एक गोष्ट सांगावयास विसरतात : ही यंत्रे सांभाळू शकणारे अनुभवी लोक त्या कंपनीकडे आधीपासूनच होते व त्यांच्यासाठी वेगळी भरती करावी लागली नाही. शिवाय तिचे काम वर्षभर एकसारखे चालणारे आहे. जेथे भार स्थिर व माणूस तयार, तेथे स्वतःचे यंत्र स्वस्त पडते. जेथे एकच डेटाबेस, तोही लहान, आणि माणूस नाही, तेथे भाडे स्वस्त पडते.

कोकणात व गोव्यात यात पावसाळ्याची भर पडते. लेखकाने पूर्वी काम केलेल्या एका कार्यालयात सर्व्हर तळमजल्याच्या मागील खोलीत होता. बाहेरच्या भिंतीला ओल धरे. प्रत रोज संध्याकाळी न चुकता निघे, तिची नोंद वहीत होई, आणि ती डिस्क त्याच खोलीतील गोदरेजच्या कपाटात ठेवली जाई. एका जुलैमध्ये वीज वारंवार येऊन-जाऊन यंत्र बंद पडले. कपाटातील डिस्क काढली, तर खाऱ्या दमट हवेने तिच्या जोडणीवर गंज चढला होता. त्या आधीचीही तशीच. शेवटी छापील याद्यांवरून चार महिन्यांच्या नोंदी पुन्हा भराव्या लागल्या. त्यासाठी तीन लिपिक पाच आठवडे बसले, आणि त्या काळात दाखल्यांसाठी आलेले लोक हात हलवीत परत गेले. वहीत एकही दिवस चुकलेला नव्हता. वही तपासणाऱ्यांनी, आणि त्यांत प्रस्तुत लेखकही होता, डिस्क कधी तपासली नव्हती.

सरकारी आणि निमसरकारी कार्यालये

सरकारी खात्यांना ही निवड बहुधा स्वतः करावी लागत नाही. १९७६ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, राज्यांची माहिती केंद्रे आणि २०१४ मध्ये सुरू झालेला ‘मेघराज’ हा राष्ट्रीय क्लाऊड यांच्यामार्फत पुष्कळसे काम होते. खासगी क्लाऊड घ्यावयाचाच झाला तर केंद्र सरकारने पडताळणी करून सूचीबद्ध केलेल्या सेवादात्यांचा मार्ग आहे. मोठ्या कंपन्यांची यंत्रकेंद्रेही आता भारतात आहेत. ॲमेझॉनचे मुंबई येथील २०१६ मध्ये व हैदराबाद येथील २०२२ मध्ये सुरू झाले.

सरकारी केंद्र म्हणजे आपोआप सुरक्षित, असे मात्र समजू नये. दक्षिण कोरियातील देजॉन येथील राष्ट्रीय माहिती केंद्रात २६ सप्टेंबर २०२५ रोजी बॅटऱ्या हलविण्याचे काम चालू असताना आग लागली. शेकडो सरकारी सेवा ठप्प झाल्या. त्यांतील बहुतेक पुढे परत आल्या. परंतु सरकारी कर्मचाऱ्यांनी आपली कामाची कागदपत्रे ज्यात ठेवावीत अशी सूचना होती, तो ‘जी-ड्राइव्ह’ नावाचा ८५८ टेराबाइटचा साठा जळून गेला. तो डेटाबेस नव्हता, कागदपत्रांचा साठा होता. पण आपल्या प्रश्नाशी त्याचा संबंध जवळचा आहे. एवढ्या मोठ्या साठ्याची बाहेर प्रत ठेवलेली नव्हती. आठ वर्षांचे काम एका इमारतीत राहिले होते.

जबाबदारीविषयी कायदाही स्पष्ट आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमानुसार, नागरिकांची वैयक्तिक माहिती जी संस्था आपल्या कामासाठी गोळा करते तीच तिच्या संरक्षणास उत्तरदायी आहे, मग प्रत्यक्ष काम तिने दुसऱ्या कंपनीकडे सोपविलेले असो वा तसा करार झालेला असो. पुरेशी सुरक्षाव्यवस्था न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या अधिनियमाखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले व मुख्य दायित्वांसाठी त्यांनी अठरा महिन्यांची मुदत दिली. ‘सारे कंपनीकडे दिले आहे’ हे उत्तर सभासदापुढे टिकत नाही, तसे कायद्यापुढेही टिकणार नाही.

चिटणीसांना दिलेले उत्तर

लेखकाने चिटणीसांना प्रथम उलट प्रश्न विचारले. रविवारी रात्री यंत्र बंद पडले तर फोन कोणाला करावयाचा? त्याचे नाव सांगा. तो रजेवर असेल तर दुसऱ्याचे नाव सांगा. आज असलेली प्रत दुसऱ्या यंत्रावर चढवून खाती जुळतात का, हे शेवटचे केव्हा पाहिले? किती तासांच्या नोंदी गेल्या तर संस्था सहन करू शकेल, आणि किती तास काम बंद राहिले तर? इंटरनेट तुटल्यावर ठेवी कशा स्वीकारणार?

पहिल्या प्रश्नाला त्यांनी संगणक पुरविणाऱ्याचे नाव सांगितले. दुसऱ्याला नाव नव्हते. प्रत चढवून पाहिल्याचे कोणाला आठवत नव्हते. संस्थेच्या दोन शाखा असल्याने मुख्य कार्यालयात यंत्र ठेवले तरी शाखांना इंटरनेट लागणारच होते. म्हणजे स्वतःचे यंत्र घेण्याचा एक मोठा लाभ मुळातच कमी झाला. एकच कार्यालय आणि हाताशी एक जाणता माणूस, अशी स्थिती असती तर लेखकाने कदाचित निराळा सल्ला दिला असता.

सल्ला असा दिला की, व्यवस्थापित डेटाबेस भारतातील केंद्रावर घ्यावा. मधली वाट, म्हणजे रिकामे यंत्र भाड्याने घेऊन स्वतः चालविणे, कदापि स्वीकारू नये. डेटाबेस काढून टाकण्याचा अधिकार एकाच्याच हाती नसावा. तिजोरीच्या दोन किल्ल्यांप्रमाणे तो चिटणीस व एक संचालक यांच्या संमतीनेच वापरला जावा. महिन्याच्या अखेरीस एक संपूर्ण प्रत, कोणत्याही पोस्टग्रेसवर चढविता येईल अशा साध्या रूपात, कंपनीच्या खात्याबाहेर संस्थेच्या ताब्यात यावी आणि ती लेखापरीक्षण पूर्ण होईपर्यंत ठेवावी. ही प्रत सांकेतिक कुलपात असावी व तिची किल्ली निराळ्या जागी. पोस्टग्रेससारखा खुला डेटाबेस निवडावा, म्हणजे पुढेमागे कंपनी बदलावी असे वाटले किंवा स्वतःचे यंत्र घ्यावेसे वाटले तर दप्तर उचलून नेता येईल. शाखांसाठी दोन निरनिराळ्या कंपन्यांची इंटरनेट जोडणी घ्यावी, आणि दोन्ही तुटल्यास वापरावयाची छापील पावती-पुस्तके कपाटात असावीत. आणि तिमाहीतून एकदा ती प्रत एका साध्या संगणकावर उभी करून कोणत्याही पंचवीस सभासदांची शिल्लक त्यांच्या पासबुकांशी ताडून पाहावी.

संचालक मंडळाने थोड्या वादानंतर हे मान्य केले. भाड्याचा आकडा पाहून दोन संचालक नाराज झाले. चिटणीसांनी त्यांना जाणत्या माणसाच्या पगाराचा आकडा दाखविला. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी पहिली चाचणी झाली. सकाळी दहा वाजता सुरू केलेले काम दुपारी चारला संपले, कारण कुलपाची किल्ली ज्या संचालकांकडे होती ते एका लग्नाला गेले होते. पंचवीसही सभासदांची शिल्लक पैशापैशाने जुळली. मग लिपिकेने एका सभासदाचे खाते उघडून सहीचा नमुना पाहू गेली, तर ती जागा रिकामी होती. सह्यांचे नमुने आणि छायाचित्रे मुळात डेटाबेसमध्ये नव्हतीच. ती मुख्य कार्यालयातील एका जुन्या संगणकावर वेगळ्या फोल्डरमध्ये होती आणि त्यांची प्रत आजवर कोणीच काढलेली नव्हती. ती आता दर शनिवारी निघते.